तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

मोटारीतलं पाणी तीनच वाटांनी जातं. गळून खाली पडतं, उकळून वर उडतं, नाहीतर इंजिनाच्या आतल्या आत मुरतं. चौथी वाट नाही. हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगत आलो, आणि एकदा मीच चौथी वाट दाखवून बसलो. ती वाट म्हणजे माणूस. चूक माझी होती, पण शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्याला झाली.

संपादकसाहेबांचा निरोप आला की दिवाळी अंकासाठी मिस्त्रींनी धंद्यातले गमतीचे किस्से लिहावेत. लिहितो. एक गमतीचा आहे, तो आधी देतो. त्याच्या मागून येतो तो गमतीचा नाही, पण तो पहिल्याच्याच पोटातून निघाला, म्हणून दोन्ही एकदमच घ्यावे लागतील. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. तेव्हा लिहिताना थोडं शाळेचं येईल, थोडं वाशिमचं येईल. सांभाळून घ्या.

माझे वालिद, म्हणजे वडील, कल्हईवाले होते. अनसिंगच्या बाजारी, आमच्या वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारी भाता मांडून बसायचे. त्यांच्या हाताखाली मी कल्हई शिकलो आणि डाग द्यायला शिकलो, म्हणजे फुटक्या भांड्याला कथिल लावून सांधायला. वाशिमला पहिल्या मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या नाकाडातला रेडिएटर फुटला की अकोल्याला धाडावा लागे. एकदा एका मालकाला तेवढी सवड नव्हती. त्यानं तो उतरवून आमच्या दुकानात आणून टाकला. वालिदांनी उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, हा तर पितळेचा डबाच आहे, याला काय भ्यायचं. डाग दिला. तो टिकला. तेव्हापासून आमच्याकडे भांडी कमी आणि मोटारी जास्त यायला लागल्या, आणि मी असा मागच्या दारानं मोटारमिस्त्री झालो.

ज्यांनी मोटारीचं बॉनेट कधी उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यानं लोखंड तापतं. ते वितळू नये म्हणून त्याच्या अंगाभोवती पाणी फिरवतात. तापलेलं पाणी समोरच्या रेडिएटरात येतं, बारीक नळ्यांतून उतरतं, वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनाकडे जातं. बस, एवढंच. पाणी तेच असतं, ते घरातल्या घरात फिरतं, म्हणून ते कमी व्हायला नको. झालं तर ते कुठून तरी जातंय. रबरी नळी चिरते, पंपाची दोरी ढिली होते, नळीचा डाग सुटतो. ड्रायव्हर लोक यावर एक मूठ हळद टाकायचे. हळद फुगते, बारीक भोक बुजतं, आठ दिवस गाडी चालते. नवव्या दिवशी सगळ्या नळ्याही बुजतात आणि मग गाडी माझ्याकडे येते. हळदीनं माझ्या घरी दोन ईदी साजऱ्या केल्या असतील.

माझी स्वतःची रीत राखेची होती. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी तापते की मोटारीखाली थेंब पडला तर पाहेपर्यंत सुकतो. माणूस वाकून पाहतो, जमीन कोरडी, म्हणतो गळत नाही. मी चुलीची राख चाळून बोटभर जाड थर मोटारीखाली पसरायचो. पाणी सुकतं, पण राखेत पडलेला खड्डा मोडत नाही. खड्डा कुठं आहे ते पाहिलं आणि मान वर केली की बरोबर त्याच्या डोक्यावर भोक असायचं. लोक मला राखेचा मिस्त्री म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. आता खोटं कशाला बोलू.

तर तो गमतीचा किस्सा. वाशिमचे एक वकील होते. नवी कोरी मोटार, वऱ्हाडात तशा मोजक्याच. थंडीचे दिवस, आणि रोज सकाळी रेडिएटरात तांब्याभर पाणी कमी. अकोल्याच्या दोन मिस्त्र्यांनी नळ्या बदलल्या, पंप बदलला, बिलं दिली. पाणी कमी ते कमीच. शेवटी वकिलांनी मला बोलावलं. मी काहीच बदललं नाही. संध्याकाळी मोटार कचेरीतून यायच्या आधी तिच्या जागेवर राख पसरली आणि घरी गेलो. सकाळी जाऊन पाहिलं. राखेत थेंबाचा खड्डा नव्हता. रेडिएटरच्या खालच्या तोटीखाली तांब्याच्या बुडाचा एक सुबक गोल ठसा होता, आणि त्याच्या बाजूला खडावांचे दोन.

खडावा त्या घरात एकाच माणसाच्या होत्या. वकिलांचे वडील. मोटारीच्या गाद्या चामड्याच्या, म्हणून ते मोटारीत कधी बसले नाहीत, सुनेलाही बसू नको म्हणायचे. पण गुडघे दुखायचे, आणि मोटार कचेरीतून तापून आली की पाणी आयतं कढत असायचं. वकिलांनी विचारलं तेव्हा म्हातारबुवा शांतपणे म्हणाले की बसल्यानं बाटतं, पाय शेकल्यानं नाही. वकील हसून हसून लाल झाले. मला त्यांनी धोतरजोडी दिली. धोतर मी कधी नेसत नाही, पण ठेवली.

हा किस्सा वर्षभर मोटारस्टँडवर फिरला. चहावाल्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी तो मला परत परत सांगायला लावला, आणि दर वेळी मी शेवटी एक वाक्य जोडायला लागलो, की बाप्पा, राख कोरडी निघाली की माणूस पाहा. लोक वाहवा करायचे. मी ते इतक्या वेळा बोललो की मलाच ते खरं वाटायला लागलं.

आता दुसरा.

रऊफशेठ म्हणून कापसाचे व्यापारी होते. माझं टिनाचं दुकान त्यांच्याच वाड्याच्या भिंतीला लागून, त्यांच्याच जागेत. त्यांची एक सर्व्हिस मोटार होती. वाशिमहून निघायची, मालेगाव घ्यायची, शेलूबाजारला जायची आणि दुपार टळली की परत. लाकडी बाक, वर टपावर भाजीच्या पाट्या आणि कापसाची बोचकी. शुक्रवारी बंद. ही सगळी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट, नंतरच्या पोरांना कोळशावरच्या मोटारी आठवतात, त्याही आधीची.

त्या मोटारीवर दौलत नावाचा ड्रायव्हर होता. गाव अनसिंग, समाज महार. पहिल्या मोठ्या लढाईत तो फौजेबरोबर बसऱ्याला गेला होता आणि तिथं मोटार शिकून आला. उंच, वाळका, बोलणं कमी. खाकी कोट उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बंद. मोटारीला असा सांभाळायचा की उतारावर त्याचा ब्रेक लागलेला कळायचाही नाही. दौलतच्या त्या जागेची किंमत आजच्या पोरांना कळणार नाही. गावात ज्याला देवळाच्या ओट्यावर टेकू देत नव्हते तो पुढं बसायचा, आणि पाटील, कुळकर्णी, आमचे खोजे-मेमण व्यापारी, सगळे त्याच्या मागं. त्याच्याशिवाय मालेगाव येत नव्हतं, म्हणून कोणी काही बोलत नव्हतं. त्याचा बाप अनसिंगहून पायी वाशिमला यायचा, स्टँडच्या बाहेर उभा राहून मोटार सुटताना पाहायचा आणि परत पायी जायचा. मी स्वतः पाहिलं आहे.

एका वैशाखात ती मोटार पाणी प्यायला लागली. घासलेटच्या डब्यानं पाणी मोजायचो आम्ही. दौलतच्या सांगण्यात जाताना एक डबा, येताना एक डबा ओतायचा, तरी शेलूबाजारच्या चढावर इंजिन उकळायचं, उतारू खाली उतरून झाडाखाली बसायचे. शेठकडे तक्रारी गेल्या. शेठनी गाडी माझ्या ताब्यात दिली. दौलतनं किल्ली देता देता सांगितलं की मिस्त्री, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून पाहा, तो धुतल्यासारखा निघतो.

हे त्यानं मला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सिलिंडर म्हणजे पेट्रोल जळतं ते नळकांडं, इंजिनात चार असतात, आणि प्लग म्हणजे त्यातला ठिणगी पाडणारा खुंटा. तो आत पेट्रोलच्या जाळात असतो, म्हणून काजळीनं काळा-तपकिरी होतो. चारपैकी एकच स्वच्छ निघाला तर त्याचा अर्थ एकच, त्या सिलिंडरात पाणी येतंय आणि वाफ त्याला धुऊन काढतेय. दहा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. का केलं नाही, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. ड्रायव्हरनं मिस्त्रीला शिकवावं हे मला लागलं, हे एक. पण रऊफशेठच्या पुतण्यानं तेच सांगितलं असतं तर मी काढून पाहिला असता. हे दुसरं, आणि खरं हेच.

मी माझी राख काढली. शुक्रवारी मोटार बंद असते, म्हणून शुक्रवार धरला. पहाटे राख पसरली, दिवसभर मोटार तिच्यावर उभी, मी नमाजाला जाऊन आलो, दुपारी जेवून आलो. संध्याकाळी वाकून पाहिलं तर राख जशीच्या तशी. एक खड्डा नाही. नळ्या चाचपल्या, कोरड्या. पंप कोरडा. रेडिएटरचे सगळे डाग माझेच, पक्के. तेलाची कांडी काढून पाहिली. तेलात पाणी गेलं की ते ताकासारखं पांढरं होतं, हे काळंभोर होतं. माझ्या हिशेबानं तपासणी पुरी झाली.

आता आजचं शेंबडं पोरही सांगेल की मिस्त्री, थंड मोटार उभी करून कसली तपासणी करता? जे तापल्यावर फुटतं ते थंडीत मिटलेलं असतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण वकिलांची मोटार उभ्या उभ्याच पाणी हरवत होती आणि त्या राखेनं माझं नाव केलं होतं. मी त्या नावाला धरून बसलो. आणि राख कोरडी निघाल्यावर काय पाहायचं हे तर मी वर्षभर लोकांना सांगत होतो.

माणूस पाहायचा. माणूस समोरच होता. आणि त्याच्याबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती. विहिरीवर दौलत स्वतः पाणी काढू शकत नव्हता. तेव्हा सगळीकडे तेच होतं. त्यानं डबा घेऊन विहिरीपासून चार हात दूर उभं राहायचं, कोणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर वरून ओतून द्यायचं. मालेगावला मी एकदा त्याला असा उभा पाहिला होता. मोटार भरलेली, उतारू खोळंबलेले, आणि हा डबा खाली ठेवून हात मागं बांधून उभा. दोन बाया पाणी भरून निघून गेल्या. तो कोणाला हाक मारत नव्हता. मला तिथं कोणी अडवलं नसतं, मी उठून दोर हातात घेऊ शकलो असतो. मी बाकावर बसून पान खात होतो.

हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि माझं कोडं सुटलं. म्हटलं, हा शरमेनं कोणाला पाणी मागत नाही. डबा कोरडाच मागं टाकतो, मोटार तशीच दामटतो, उकळली की मोटारीवर ढकलतो आणि आपल्याला प्लगची गोष्ट सांगतो. सगळं बरोबर बसत होतं. मला त्याची कीवही आली, आणि कीव आल्यामुळं आपण न्यायानं वागतोय असं वाटलं.

शनिवारी सकाळी मोटारस्टँडवर शेठ आले. मोटार सुटायची वेळ, पाच-पंचवीस माणसं होती. शेठनी मला विचारलं. मला ते बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं.

"गाडीत खोट नाही, शेठ. पानी भरल्याच जात नाही. याले विहिरीवर पानी देते कोन?"

लोक हसले. फार नाही, थोडेसेच हसले, पण हसले. दौलत बॉनेटजवळ उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, शेठकडे पाहिलं.

"मी पानी भरतो, शेठ. दोन डबे भरतो. गाडी पेऊन राह्यली. प्लग पाहा म्हनलं होतं मी मिस्त्रीले."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की प्लगचा यात काही संबंध नाही. शेठनी त्याच्याकडून हँडल मागून घेतलं. सेल्फ तेव्हा नसायचा, हँडल मारूनच मोटार सुरू व्हायची, आणि ज्याच्या हातात हँडल त्याची मोटार. दौलतनं ते कोटाच्या बाहीनं पुसलं आणि दिलं. मग चालत निघाला, अनसिंगच्या रस्त्यानं. त्या दिवशी शेठच्या पुतण्यानं मोटार नेली, बावीस-तेवीस वर्षांचा गडी, लग्न झालेला, हात बरा होता पण घाई फार.

वाशिमला मोटारवाले होतेच किती. सगळे एकाच स्टँडवर चहा प्यायचे. कोरडी मोटार दामटणारा ड्रायव्हर, हे नाव एकदा लागलं की संपलं. दौलत दोघा-तिघांकडे गेला असं ऐकलं. एक मालक मला विचारायलाही आला. मी त्याला म्हणालो, ठेवायचा असेल तर मोटारीत एक विहीर बसवून घ्या. तोही हसला. ही माझी चेष्टा आठ दिवसांत कारंजा गावापर्यंत गेली.

पंधरा-वीस दिवस गेले. पुतण्या पाण्याची तक्रार करायला लागला. मी म्हणालो, नीट भरत जा. तो म्हणाला, नीटच भरतो. मी त्यालाही खोटा ठरवणार होतो, पण तो शेठचा पुतण्या, म्हणून जीभ आवरली. आणि मग एका दुपारी निरोप आला की मोटार मालेगावच्या अलीकडे बंद पडली, मिस्त्रीला घेऊन या. मी सायकलवर पिशवी टांगली आणि निघालो.

मोटार एका मळ्यासमोर उभी होती. माळी लोकांचा मळा, वांगी, कोथिंबीर, मिरची, रस्त्यापासून वीस पावलांवर विहीर. मळ्याची मालकीण पार्वताबाई. हिच्या भाजीच्या पाट्या रोज याच मोटारीच्या टपावरून वाशिमला जायच्या, म्हणून मी तिला ओळखत होतो. उतारू आंब्याखाली बसलेले, पुतण्या घामानं ओला. पार्वताबाईनं सगळ्यांना पाणी दिलं, मला दिलं, आणि मी गूळ-पाणी पीत असताना तिनं विचारलं की तो दौलत कुठं गेला. मी म्हणालो, गेला काम सोडून.

"काहून सोडलं त्यानं? या पोराले काही समजत नाही, मिस्त्रीभाऊ. दौलत होता तवा मी डबे भरूनच ठेवो. जातानी एक, येतानी एक. एक दिवस खाडा नाही. मी त्याले म्हणो, बापू, तुही मोटार माह्या बैलाहून जास्ती पेते."

मी गुळाचा खडा तोंडात धरून तसाच बसलो. तिला काही माहीत नव्हतं, ती बैलांचं बोलत राहिली. रोज दोन डबे. कोणी तिला विचारलं नव्हतं. वाशिमहून मळा चार कोसांवर, सायकलला तासा-दीड तासाची वाट. मी नळ्या विचारल्या, पंप विचारला, राख विचारली. जी बाई रोज पाणी भरून देत होती तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण त्याला कोणी पाणी देत असेल हेच माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

उठलो, पिशवीतून पाना काढला. पहिला प्लग काळा. दुसरा काळा. तिसरा फिरवून बाहेर काढला तर असा पांढरा, स्वच्छ, जसा दुकानातून आणला. मी तो धोतराच्या चिंधीवर ठेवला. पुतण्या म्हणाला, हा बरा दिसतो की. चौथा काढायची गरज नव्हती, तरी काढला.

बैल लावून मोटार वाशिमला आणली आणि इंजिन उघडलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. मग घासलेटचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं, वर खडूची पूड उडवली. घासलेट फटीत राहतं आणि खडू ओला करतं. थोड्या वेळानं तिसऱ्या सिलिंडरजवळ, व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघालेली केसासारखी एक ओली रेघ उमटली. थंड असताना मिटायची, तापली की उघडायची. तेवढ्यातून इंजिन पाणी ओढून घ्यायचं आणि वाफ करून मागच्या नळीतून सोडून द्यायचं, म्हणून तेल काळंच राहायचं. पौषात ही मोटार चालली असती तर मागं पांढऱ्या धुराचा लोट दिसला असता, कोणीही ओळखलं असतं. वैशाखातल्या हवेत वाफ दिसतच नाही. पाणी खरंच आतल्या आत मुरत होतं. तिसरी वाट. मीच लोकांना शिकवायचो ती.

ती चीर मी सांधली. रेघेवर ओळीनं भोकं पाडली, आटे पाडले, तांब्याचे खिळे फिरवून बसवले आणि ठोकून एकजीव केले. कल्हईवाल्याचा पोरगा होतो, तांबं मला ऐकायचं. ते काम पुढं आठ वर्षं टिकलं आणि अकोल्याचे मिस्त्री पाहायला आले. माझ्या सगळ्या आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम तेच, आणि त्याचं कोणी नाव काढलं की मला ते नको व्हायचं.

शेठना मी एकट्यांना गाठून सांगितलं. सगळं सांगितलं, पार्वताबाईचंही. शेठ वाईट माणूस नव्हते. बराच वेळ दाढीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "उस्मान, फुटलं ते सांधलं ना तू? बस झालं. पोरगा आता गाडीवर बसला, त्याले उतरवू काय? आन लोकाईले सांगून काय होनार, तुहंच हसं होईन."

मी मान हलवली. दुकान त्यांच्या भिंतीला होतं हे खरं. पण नुसतं दुकानाचं भय नव्हतं, ते मी आज कबूल करतो. हसं होईल हे मला जास्त लागलं. स्टँडवर लोक विचारायला लागले की काय निघालं मिस्त्री, तर मी म्हणायचो, उन्हानं इंजिनाचा ब्लॉक तडकला. कधी तडकला ते सांगत नव्हतो. लोकांनी धरून चालायचं ते धरलं, की पोराच्या हातून आत्ताच तडकला. दौलतचं नाव कोणी काढलं नाही, आणि मीही नाही.

पावसाळा गेला. दिवाळीच्या आसपास कोणी सांगितलं की दौलत मालेगाव रस्त्यावर खडी फोडायच्या कामावर आहे. मी तीन दिवस जाऊ की नको केलं आणि चौथ्या दिवशी सायकल काढली. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, बाया-माणसं ओळीनं बसलेली. तो शेवटच्या ढिगाशी होता. खाकी कोट नव्हता. हाताला चिंध्या बांधलेल्या. मला पाहून त्यानं हातोडा थांबवला नाही.

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो. इतके दिवस मनात जे जुळवलं होतं ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की तिसऱ्या सिलिंडरला चीर होती, तू म्हणत होता तेच खरं निघालं, प्लग धुतल्यासारखा होता. त्यानं ऐकून घेतलं. तेवढ्यात वाशिमकडून मोटारच आली, तीच. सगळ्यांनी तोंडं फिरवली, धुरळा उडाला. दौलतनं वर पाहिलं नाही, पण हातोडा थांबला. मोटार चढ चढून जाईपर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला.

"आता बरी बोलते," तो म्हणाला. "तांबं मारलं काय?"

मी म्हणालो, हाव. त्यानं मान डोलवली, एका कारागिरानं दुसऱ्याला दाद द्यावी तशी. मला वाटलं आता जमलं. म्हटलं, दौलत, माझ्या हातून चूक झाली, तेवढंच सांगायला आलो.

तेव्हा त्यानं हातोडा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"स्टँडावर सांगतलं काय? चारचौघांत?"

तो थोडा वेळ थांबला, मी काही बोलेन म्हणून. मग त्यानं पुढचा दगड ओढून घेतला.

"मंग मले काहून सांगून राह्यला, मिस्त्री? मले त माहीतच होतं."

मी सायकल घेतली आणि परत निघालो. वाशिमला पोचलो तेव्हा मोटारस्टँडवर पाच-पंचवीस माणसं होती. चहावाल्यानं हाक मारली, कुठं गेलता मिस्त्री म्हणून. मी म्हणालो, असाच, मालेगावकडे. मग बाकावर बसलो आणि चहा प्यायलो.